खोल्यावाले बाबूजी

मामाजी नव्या किरायदाराला खोली दाखवायच्या आधी संडास दाखवत. बदलीवर आलेला माणूस हातात पेटी घेऊन उभा असे, मागे बायको, तिच्या कडेवर लेकरू. तो खोलीच्या दाराकडे वळला की मामाजी म्हणत, "खोली कुठं पळून नाही जाऊन राहिली. पहिले इकडे या." मग त्या दोघांना अंगणाच्या टोकाशी नेत आणि दार उघडून बाजूला उभे राहत. नवरे संकोचून दुसरीकडे पाहू लागत. बायका मात्र आत जाऊन कडी लागते का ते पाहत, आणि बाहेर येताना त्यांचा चेहरा सैल झालेला असे. मामाजी त्या चेहऱ्याकडे पाहूनच किराया सांगत.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सून सासऱ्यांना मामाजी म्हणते. पांढुर्ण्यात बाकी सगळे त्यांना 'खोल्यावाले बाबूजी' म्हणत. त्यांनी उभी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर केली, संत्र्याच्या पेट्या आणि कापसाच्या गाठी डब्यांत चढवून घेतल्या. निवृत्तीच्या आधी स्टेशनापासून चालत जाता येईल अशा जागी त्यांनी एका रांगेत कवेलूच्या, म्हणजे कौलारू, खोल्या बांधल्या. मी रामाकोन्याची, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. ऐंशी साल उलटल्यावर लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, खोल्या किरायाने देणं हा काही उद्योग नव्हे. पहिल्या तारखेला हात पुढे करायचा, एवढंच ते काम. आठ दिवसांत माझा हा समज गेला. मामाजी सकाळी उठून पहिल्यांदा देवाकडे नव्हे, छपराकडे पाहत.

ज्येष्ठात मृग लागायच्या आधी कवेलू फेरून घ्यायचे, हा त्यांचा नेम. मिस्त्री छपरावर आणि मामाजी खाली, डोक्याला पंचा बांधून, मान वर करून. मी एकदा म्हटलं, "मामाजी, गळल्यावर फेरले तं नाही चालत का?" ते म्हणाले, "चालते ना. पण मग किरायदाराची गादी भिजते, तो आपल्याले शिव्या देते, अन् त्या शिव्या पुढच्या किरायदाराले ऐकू येतात." त्यांच्या कपाटात एक डबा होता. त्यात नळाच्या तोट्या, वायसर, बिजागऱ्या, खिळे. कुणाचा नळ बिघडला असं सकाळी कळलं तर दुपारचं जेवण तो नळ दुरुस्त झाल्यावरच. माझी सासू मी यायच्या आधीच वारली होती, त्यामुळे ताट वाढून बसायचं काम माझं. भाकरी गार झाली म्हणून मी किती वेळा चिडले असेन.

किरायदार निवडण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. पगार किती हे ते विचारतच नसत. "पहिलं घर काऊन सोडलं?" एवढाच प्रश्न. समोरचा माणूस जुन्या घरमालकाबद्दल जितका वेळ वाईट बोले तितका वेळ मामाजी मान डोलावून ऐकत, चहा पाजत, आणि शेवटी खोली आधीच दिली आहे असं सांगून त्याला वाटेला लावत. एकदा एकाच दिवशी दोघे आले. एक कुठल्याशा कचेरीतला, इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट. दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर, शर्टाची कॉलर विरलेली. मामाजींनी कंपाउंडरला खोली दिली. माझे पती म्हणाले, "बाबूजी, पहिला बरा होता ना, कायमची नोकरी." मामाजींनी अंगणाकडे बोट दाखवलं. "त्याची सायकल पाहिली तू? घंटी नाही, चेन कोरडी. याची जुनी आहे, पण चेनले तेल दिलं आहे. जो आपल्या सायकलले तेल देते तो दुसऱ्याचं दार आपटत नाही." तो कंपाउंडर बदली होईपर्यंत राहिला, आणि जाताना मामाजींच्या पाया पडून गेला.

माझे पती प्राथमिक शाळेत शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणते. स्वभावाने गरीब, पण झटपट पैशाचं त्यांना भारी आकर्षण. एका बहाराच्या वेळी बाहेरचा एक संत्रा व्यापारी आला. त्याला तीन महिन्यांसाठी अर्ध्या खोल्या माल ठेवायला हव्या होत्या आणि तेवढ्यासाठी तो वर्षभराचा किराया द्यायला तयार होता. गुरुजींचे डोळे चमकले. मामाजींनी त्या व्यापाऱ्याला पान दिलं, गप्पा मारल्या आणि नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर गुरुजी दिवसभर फुगून बसले. मामाजी त्यांना म्हणाले, "त्याच्यासाठी चार बिऱ्हाडं उठवू? सीझनचा पैसा सीझनसारखा येते अन् जाते. मास्तर, पोस्टमन, सिस्टरबाई बारा महिने राहतात. अन् एकदा उठवलेला माणूस गावात आपलं नाव घेऊन फिरते, ते वेगळं."

जागा घेण्याबद्दलही त्यांची मतं पक्की होती. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जांब नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दोन्ही काठांवरून गोटमार चालते, दगडांचा नुसता पाऊस. मामाजींच्या एका चुलतभावाने नदीकाठी स्वस्तात घर घेतलं होतं, आणि तेही वैशाखात, जेव्हा नदी कोरडी आणि काठ शांत असतो. पहिल्याच करीनंतर तो फुटलेले कवेलू टोपल्यात भरत बसला. मामाजी त्याला मदत करायला गेले, आणि परत येऊन मला म्हणाले, "विकणारा ज्या दिवशी दाखवते त्या दिवशी जागा पाहू नये, सूनबाई. ती जागा ज्या दिवशी सगळ्यात बेकार दिसते, त्या दिवशी जाऊन पाहावी." मी तेव्हा हसले होते. मला कशाला जागा घ्यायची होती!

मग एके दिवशी गुरुजींची बदली सौंसरजवळच्या एका शाळेत झाली. तिथे रोज पांढुर्ण्याहून जाणं शक्य नव्हतं. आता सौंसरला खोली शोधायला हवी, असं बोलणं चाललं होतं. दुपारी मी तांदूळ निवडत होते. मामाजी ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "सूनबाई, तुझं सोनं कुठं आहे?"

माझे हात थांबले. सासऱ्याने सुनेचं सोनं विचारलं की पुढे काय होतं हे मी माहेरच्या चार घरांत पाहिलं होतं. मी पदर सारखा करून म्हटलं, "पेटीत आहे."

"काय करून राहिलं तिथं?"

"काय करणार? आहे."

"हेच तं. सोनं पेटीत झोपून राहते. खोली रात्रंदिवस जागी राहते. माझे काही पैसे उरले आहेत. तुझ्या पाटल्या अन् माझे पैसे मिळून सौंसरले प्लॉट होते, दोन बिऱ्हाडं होतात. एकात तुम्ही राहा, एक किरायानं दे. रजिस्ट्री तुझ्या नावानं."

"माझ्या? गुरुजींच्या नावानं करा ना."

"सोनं त्याचं आहे का?"

 त्या पाटल्या आईने लग्नात घातल्या होत्या. मामाजींनी घाई केली नाही. "विचार कर. नाही म्हटलं तरी मी रागावणार नाही," एवढं बोलून ते उठले. मी बरेच दिवस विचार केला. भीती वाटत होतीच, पण मला विचारलं गेलं, याचं नवल अधिक होतं. तोवर मला कुणी भाजी कोणती करायची याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

बातमी रामाकोन्याला पोहोचली आणि आई पहिल्या गाडीने आली. पाणीही न घेता म्हणाली, "गोड बोलून पाटल्या उतरवून घेऊन राहिले तुझे सासरे, अन् तू देऊन राहिली!" मामाजी बाहेरच्या छपरीतच होते, त्यांना सगळं ऐकू गेलं. ते आत आले, हात जोडले आणि म्हणाले, "विहीणबाई, रजिस्ट्रीच्या दिवशी तुम्ही या. सही कोणाची होते ते आपल्या डोळ्यानं पाहा. तोपर्यंत पाटल्या तुम्हीच ठेवा." आणि खरोखरच त्यांनी माझ्याकडून पाटल्या आणवून आईच्या हातात दिल्या. आई खजील झाली. रजिस्ट्रीला मात्र आली, आणि मी सही करेपर्यंत कागदावरून नजर हलवली नाही.

पण त्याआधी आम्ही वर्षभर जागा पाहिल्या; तोवर गुरुजी सौंसरला किरायाच्या खोलीत एकटे राहिले. भर श्रावणात मामाजी मला बसने सौंसरला नेत. पुढे ते छत्री घेऊन, मागे मी डोक्यावर पदर घेऊन, चपला हातात. सासरा आणि सून चिखल तुडवत प्लॉट पाहतात याची लोकांना गंमत वाटे. ते दलालाशी कमी आणि दूधवाल्याशी जास्त बोलत. पाणी कुठे तुंबतं, कोणत्या गल्लीत सायकल रुतते, हे दूधवाल्याला ठाऊक असतं. वैशाखात पुन्हा गेलो ते विहिरी पाहायला. ज्या विहिरीवर बायका घागर भरायला थांबून होत्या, त्या गल्लीतली जागा त्यांनी सोडून दिली. एका बाजूला नवा बसस्टँड होणार अशी आवई होती आणि लोक तिकडे धावत होते. मामाजी म्हणाले, "स्टँड येईल तेव्हा येईल. ही मुलींची शाळा आज भरून राहिली आहे." शाळेमागच्या गल्लीतला प्लॉट आम्ही घेतला. स्टँडचं पुढे काय झालं ते मी सांगत नाही; सौंसरच्या लोकांना माहीत आहे.

बांधकामाच्या वेळी ते मिस्त्रीच्या मागे लागून होते. दोन्ही बिऱ्हाडांची दारं वेगळी, संडास वेगळे, मोरी वेगळी. मिस्त्री म्हणाला, एक संडास कमी केला तर पैसे वाचतील. मामाजी एकदम कडाडले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. परतताना बसमध्ये ते आपणहून बोलले. नोकरीच्या सुरुवातीला ते ज्या गावी होते तिथे किरायाच्या खोलीला संडास नव्हता. माझी सासू पोटुशी होती, पावसापाण्यात बाहेर जावं लागे, एकदा पाय घसरून पडली. "ते लेकरू राहिलं नाही," ते म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर लोधीखेड्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या पाहत बसले. त्या दिवसापासून गार भाकरीवरून मी त्यांच्यावर कधी चिडले नाही.

घर तयार झालं. पुढच्या बाजूला आम्ही, मागचं बिऱ्हाड किरायाने द्यायचं. मामाजी पांढुर्ण्यालाच राहत आणि आठवड्यातून एकदा चक्कर मारत. अशाच एका दिवशी नलिनीबाई आल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायला नव्याने लागलेल्या, सोबत म्हातारी आई. अंगणात उभ्या राहूनच म्हणाल्या, "आधीच सांगते. मी नवऱ्यापासून वेगळी राहते. चार घरांनी नाही म्हटलं आहे. तुम्हालाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, आई फार थकली आहे."

मी मामाजींकडे पाहिलं. ते कुंपणाच्या लिंबाकडे पाहत होते, जणू त्या झाडाला पहिल्यांदाच पाने फुटली आहेत. मला कळलं, उत्तर मलाच द्यायचं आहे. मी नलिनीबाईंच्या आईला बसायला खाट टाकली.

काही महिने चांगले गेले. मग एका दुपारी, गुरुजी शाळेत असताना, फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. नलिनीबाईंचा नवरा दोन माणसं घेऊन आला होता. त्या नुकत्याच शाळेतून येऊन आत गेल्या होत्या. तो फाटक ढकलून आत शिरत होता आणि गल्लीतले लोक दारात येऊन पाहत होते. कुणी पुढे येईना.  शेवटी मी अंगणात गेले आणि म्हटलं, "हे मकान माझं आहे. आत यायचं नाही."

"मी माझ्या बायकोला न्यायला आलो."

"त्या माझ्या किरायदार आहेत. त्यांनी दार उघडलं तं या. नाही उघडलं तं रस्त्यावर उभे राहा."

दार उघडलं नाही. आतून म्हातारीचा रडण्याचा आवाज येत होता. त्याने मला नको ते ऐकवलं, पुन्हा येईन म्हणाला आणि गेला. मी घरात येऊन अर्धा तांब्या पाणी उभ्यानेच प्याले.

संध्याकाळपर्यंत गल्लीचं मत तयार झालं. शेजारचे काका आले, म्हणाले, घरंदाज वस्ती आहे, बाईंना दुसरीकडे जायला सांगा. गुरुजीही घाबरले होते. म्हणाले, "नसती कटकट. बाईंना महिन्याभराची मुदत देऊ." मी ऐकेना, तेव्हा त्यांनी पांढुर्ण्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मामाजी बसने आले. छपरीत बसले, चहा घेतला. शेजारचे काका, गुरुजी, आणखी दोघे तिघे, सगळे त्यांच्यापुढे. प्रत्येकाने आपापलं सांगितलं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले काऊन विचारून राहिले? मकानमालकीण आत आहे."

गुरुजी म्हणाले, "बाबूजी, मस्करी नका करू."

"मस्करी नाही. कागदावर तिचं नाव आहे. सूनबाई, काय म्हणतेस?"

मी दारात उभी होते. म्हटलं, "नलिनीबाई राहतील."

"झालं," मामाजी म्हणाले आणि उठले. वाद घालायला नव्हे. ते फाटकापाशी गेले, ते हलवून पाहिलं आणि माझ्यावरच रागावले. "याले आतून कडी नाही! किराया घेतला म्हणजे उंबरठा त्यांचा, पण राखण आपली. दिवसाढवळ्या कोणी फाटक ढकलून आत येते म्हणजे काय?" त्याच दुपारी ते लोहाराकडे गेले, जाड कडी करून आणली आणि स्वतः उभं राहून बसवून घेतली. मग एक काम केलं. शेजारच्या काकांकडे गेले, त्यांच्याकडे चहा मागून प्यायले आणि म्हणाले, "तुमच्या दोन्ही नाती याच शाळेत जातात ना? बाई गणित चांगलं शिकवतात म्हणतात. माझी सून शिकवणीचं विचारेल त्यांना." पुढच्या महिन्यापासून त्या दोन्ही मुली आमच्या मागच्या छपरीत पाढे म्हणू लागल्या. नलिनीबाईंचा नवरा आणखी एकदा आला, बंद फाटकावर हात आपटून गेला. त्या वेळी गल्लीतून पहिला आवाज काकांचा निघाला, "काय पाहिजे हो तुम्हाला?" पुढे नलिनीबाईंची नवऱ्यापासून रीतसर फारकत झाली. मामाजींनी त्यांनाही श्रावणात छत्री देऊन हिंडवलं, आणि गावात त्यांनी आपला एक छोटा प्लॉट घेतला.

मामाजींना मात्र त्यानंतर एक मोठा घाव बसला. माझे थोरले दीर नागपूरला नोकरीत होते. सौंसरचं घर माझ्या नावावर झालं हे त्यांच्या मनात सलत होतं. एका दिवाळीला त्यांनी वाटणी मागितली. मामाजींनी पांढुर्ण्याचं सगळं त्यांच्या नावे करून दिलं. दिरांनी ते विकायला काढलं. मामाजी त्यांना एवढंच म्हणाले, "विक, तुझं आहे. माझ्यासाठी फक्त गुढीपाडव्यापर्यंत थांब." त्या मुदतीत त्यांनी काय केलं असेल? आपल्या प्रत्येक किरायदारासाठी गावात दुसरी खोली शोधली. दमा सुरू झाला होता, दर दहा पावलांवर थांबत, तरी प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन नळ, छप्पर, शेजार पाहून येत. शेवटचं बिऱ्हाड हललं, तेव्हा त्यांनी रिकाम्या खोल्या झाडून घेतल्या. दीर म्हणाले, "कशाला झाडता बाबूजी, पाडणारच आहेत." मामाजींनी झाडू थांबवला नाही.

मग एक पेटी आणि एक वळकटी घेऊन ते सौंसरला आमच्याकडे आले. पुढच्या बाजूला रस्त्याला लागून आम्ही तोवर एक जास्तीची खोली काढली होती, ती त्यांना दिली. पहिली तारीख आली. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी उशीखालून नोटा काढून माझ्यापुढे धरल्या.

"हे काय?"

"किराया."

मला रडू आलं. "मामाजी, काही चुकलं का माझं?"

"चुकलं काही नाही. बस." मी त्यांच्यासमोर कधी बसत नसे. त्या दिवशी बसले. ते म्हणाले, "पेन्शन येते मले. फुकट राहणाऱ्या म्हाताऱ्याले घरात जागा असते, सूनबाई. किराया देणाऱ्याले मान असते. मी जिंदगीभर मान घेऊन राहिलो. आता जागेवर नको आणू."

गुरुजींनी डोक्याला हात लावला. "लोक म्हणतील, सुनेनं सासऱ्याकडून किराया घेतला!" लोक म्हणालेही. माझ्या आईला तर ते आजवर पटलेलं नाही. पण मी घेतला. त्या सकाळी नोटा हातात घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला, तो मी पाहिला होता.

आणि किरायदार म्हणून ते मोठे खट होते! मला एकदम 'तुम्ही' म्हणायला लागले. "मकानमालकीणबाई, तुमच्या खिडकीची एक फळी फुगून राहिली आहे, रंधा मारावा लागते." "मकानमालकीणबाई, ओट्यावरची फरशी हलते, म्हातारा माणूस पडला तं जबाबदार कोण?" नलिनीबाई आणि मी पदर तोंडाला लावून हसत असू. एकदा उन्हाळ्यात मी त्यांनीच दिलेल्या पैशांतून त्यांच्या खोलीत पंखा लावून घेतला. त्यांनी तो फिरताना खालून नीट निरखला, आवाज ऐकला, आणि गंभीरपणे म्हणाले, "आता किराया वाढवा."

"नाही वाढवत."

"मग तुम्हाले धंदा नाही जमणार," ते म्हणाले, आणि पुढच्या पहिलीला दहा रुपये जास्तीचे दिले.

शेवटच्या हिवाळ्यात दमा वाढला. डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं, ते गेले नाहीत. दीर भेटायला आले होते. मामाजींनी त्यांचा हात धरून ठेवला, जुनं काहीच काढलं नाही. फक्त नागपूरच्या घराचं छप्पर कसं आहे ते विचारलं. दीर उठून बाहेर गेले आणि अंगणात माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. त्यानंतर एका सकाळी मी मामाजींच्या पाठीला तेल चोळत होते, तेव्हा ते म्हणाले, "मी गेल्यावर ही खोली रिकामी ठेवजो नको. तेरवी झाली की चुना मार, अन् दे. रिकामी खोली दोघाले खाते, भिंतीले अन् माणसाले."

"असं बोलू नका."

"कामाचं बोलून राहिलो. ऐकजो."

संत्री तोडायचे दिवस होते. बगीच्यातून भरलेल्या गाड्या आमच्या गल्लीवरून जात असताना, उन्हात खाट टाकून बसल्या बसल्या ते गेले.

तेरवी झाली, पण मी चुना मारला नाही. त्यांची काठी, छत्री, पंचा जिथल्या तिथे होतं. गुरुजी म्हणाले, राहू दे, काही अडलं नाही. रोज सकाळी मी ती खोली झाडत असे आणि दार लावून घेत असे. माघ सरला, फाल्गुन लागला. एक दिवस झाडताना कोपऱ्यात पाहिलं तर भिंतीला ओल धरली होती आणि पोपडे खाली पडले होते. मी तिथेच भुईवर बसले आणि मन भरेपर्यंत रडले. मग उठून मिस्त्रीला निरोप पाठवला.

चुना वाळल्यावर दोनच दिवसांत एक जोडपं आलं. मुलगा बँकेत नव्याने लागलेला, मुलगी विशीच्या आतली, हातात हिरवा चुडा. मुलगा किरायाचं विचारत होता. तिने भिंतीवरून हात फिरवला, वर पंख्याकडे पाहिलं, खिडकी उघडून बाहेरची शाळा पाहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, याच्याआधी कोण राहत होतं इथं?"

"माझे एक किरायदार होते," मी म्हटलं. "फार चांगले होते."

मुलाने किल्लीसाठी हात पुढे केला. मी त्याच्या बाजूने वळून खिडकीपाशी गेले आणि किल्ली तिच्या हातात दिली.